सहा नंबरचा पाऊस

दादा,

तू गेलास हे बापूनं सांगितलं तेव्हा मला आधी हायसं वाटलं. खोटं कशाला लिहू? मी एसटी स्टँडसमोर पत्रकं वाटत उभा होतो. बापू सायकलवरून उतरला आणि म्हणाला, "याकोब सर गेले रं पहाटं." माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की सुटलो, आता माफी मागायला जायला नको. दुःख त्याच्या मागून आलं. शरम त्याच्याही मागून आली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तुझा कोट घातलेला फोटो आला. खाली 'कष्टाळू, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीचे'. मनमिळाऊ! ज्या माणसानं दोन वर्षांत माझ्याशी भांडल्याशिवाय एक रविवार घालवला नाही, तो मनमिळाऊ? असले शब्द कुणाच्याही फोटोखाली चालतात. म्हणून हे लिहितोय, आणि तुलाच लिहितोय. तुझ्याबद्दल लिहायला बसलो की त्याचं पत्रक होतं, आणि तुझ्याबद्दल एक पत्रक मी आधीच लिहून बसलोय.

आपली ओळखही पत्रकावरूनच झाली. टेलच्या गावांना पाणी पोचत नव्हतं, त्याचा मोर्चा निघायचा होता, आणि मजकूर टाईप करायला मी नगरला तुझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आलो. तू माझ्या तोंडाकडं बघायच्या आधी पायांकडं बघितलंस.

"चपला भाहेर. धुळीनं मशीन मरतं."

मी म्हणालो, हा भेदभाव आहे.

"हाय ना. धुळीशी."

मग मी 'जय भीम' म्हणालो, तू तुमचा ख्रिस्ती 'सलाम' म्हणालास, आणि माझा कागद वाचायला घेतलास. 'तीव्र धिक्कार' चार ठिकाणी होता. तीन तू खोडलेस. म्हणालास, एकदाच कर, लोक पहिल्या धिक्काराला घाबरतात, चौथ्याला जांभई देतात. मी तुझ्याशी अर्धा तास भांडलो आणि तीनही खोडू दिले. शेवटची ओळ मात्र तू दोनदा वाचलीस. 'पाणी टेलला आधी, हेडला मागून!' ती तू न सांगता ठळक अक्षरात घेतलीस. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

तुला सांगायला नको, पण हे आणखी कुणी वाचेल म्हणून लिहितो. कालव्यावरून चारी निघते तिथली शेतं हेडची, चारी संपते तिथली टेलची. हेडवाल्यांचं भरून वाहतं तेव्हा टेलला नुसती ओल येते. घोडेगावच्या पलीकडं आमची वस्ती आहे ती टेलला. माझं सगळं राजकारण तिथून निघालंय, चारीच्या कोरड्या टोकापासून.

त्या दिवसापासून तू मला पत्रक्या म्हणायला लागलास आणि मी तुला दादा. बाकी सगळे 'सर' म्हणायचे. मी म्हणणार नव्हतो. चळवळीत कुणी सर नसतं.

रविवारी क्लासला सुट्टी असायची आणि दुपारी वाडी भरायची. वाडी म्हणजे तुझा खेळ. चित्र नाही, रंग नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. पुण्याहून कुणीतरी दिलेल्या सीडीवर परदेशातला एक खेळ होता, त्यात राजे आणि राक्षस होते. तू राक्षस काढून टाकलेस, राजे काढून टाकलेस आणि त्यांच्या जागी सहा शेतं घातलीस. मशीनला इंग्रजी अक्षरंच कळायची, म्हणून मराठी सगळी त्या अक्षरांत. 'तुमच्या विहिरीत दोन परस खोल पाणी आहे.' 'शेजाऱ्याची शेळी बांधावर आली आहे, काय करता?' सहा मशीनवर सहा जण बसायचे. सातवं मशीन म्हणजे सर्व्हर. तो तुझ्या टेबलाखाली, आणि त्याच्यापुढं तू, चौकड्यांच्या उशीवर.

आपली माणसं बघ कशी. पहिल्याच रविवारी एक नंबरच्या मशीनवरून बापूची आणि दुसऱ्या एकाची झटापट झाली. का, तर ते मशीन सर्व्हरला सगळ्यात जवळ, केबल आधी तिथं येते, मग पाऊसही आधी तिथंच येणार. बापू कर्जतकडचा, गॅरेजात काम करणारा, इंजिन उघडून बसवणारा माणूस. पण पाणी हेडलाच आधी येतं हे त्याला आईच्या पोटातच कळलेलं. तू कितीदा समजावलंस की केबलीतून पाऊस वाहत नसतो. कुणी ऐकलं नाही. मीही धावपळ करून चार नंबर धरायचो. सहा नंबर दाराजवळचा, सगळ्यात लांबचा. तो नेहमी उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला.

त्या केबलीच्या शेवटाला एक पितळी टोपण होतं. ते निसटलं की सहाच्या सहा मशीन बंद. बापू चिडून सर्व्हरकडं धावायचा आणि तू शांतपणे उठून दारापाशी जायचास, टोपण बसवायचास. एकदा माझ्याकडं बघून म्हणालास, "बघ पत्रक्या, टेल सुटलं की हेडबी मेलं. हे लिही की तुझ्या पत्रकात." मी लिहिलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

भांडण पेटलं ते हवामानावरून. वाडीत आभाळ आपण होऊन भरायचं नाही. तू हुकूम टाईप करायचास, ऊन, ढग, पाऊस, गारा आणि पुढं शेताचा नंबर. ढगात पाणी मोजकंच, तीन-चार शेतांना पुरेल एवढं. कुणाला द्यायचं ते तुझ्या बोटावर. मग बापू म्हणायचा, सर, माझी ज्वारी बघा की. दुसरा म्हणायचा, माझा कांदा. तू चष्म्यावरून बघायचास आणि कुणाच्या तरी शेतावर पाऊस पडायचा. मला ते बघवायचं नाही. सहा शेतांचं आभाळ एका माणसाच्या मर्जीवर! आमच्याकडच्या पुढाऱ्याचं आणि तुझं काय वेगळं होतं? मी हे तुला तोंडावर विचारलं. म्हणालो, हुकूम मशीनच्या हवाली कर, घड्याळ लाव, नियम लिही, सगळ्यांना सारखा.

"मशीनला कुनाची ज्वारी वाळली ते दिसत न्हाई," तू म्हणालास.

"दिसू नये म्हणूनच."

"मग लोकांनी भांडायचं कुनाशी?"

"कुणाशीच नाही."

तू चष्मा काढून हसलास. "तू? कुनाशीच न्हाई?"

मग तू वडलांचं सांगितलंस. ते आमच्याच कालव्यावर पाटकरी होते, चारीची दारं उघडणारे. आयुष्यभर त्यांनी हेडला आधी पाणी सोडलं, सोडायला लागलं, कारण हेडला बंगले होते. आणि टेलच्या बाया चारीत उतरून त्यांना शिव्या द्यायच्या. घरी येऊन ते पाय धुवायचे आणि म्हणायचे, "पान्याला शिवी देता येत न्हाई, म्हनून पाटकऱ्याला देत्यात. घ्यायची. शिवी घेतली की मानसं निदान घरी जात्यात." मग तू मला म्हणालास, "त्यात तुझ्या आईचीबी असंल येखादी."

मी म्हणालो, हे भावनिक आहे, मुद्द्याला धरून नाही. वाद तिथं राहिला. दर रविवारी आपण तो तिथून उचलायचो आणि तिथंच ठेवायचो. आता तो माझ्याकडं एकट्याकडं आहे.

पुढं जे झालं त्यात तुझी बाजू सांगायला तू नाहीस, म्हणून तीही मीच सांगतो.

हिवाळ्यात मला शंका आली की पाऊस सहा नंबरवर आधी पडतोय. चळवळीत आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती नोंद ठेवायची. मी शंभर पानी वही आणली. सात रविवार टिपून घेतलं. 'दादांनी टाईप केलं, लगेच सहावर पाऊस.' 'दादांनी टाईप केलं, सहावर पाऊस, मग पाचवर, मग माझ्या चारवर.' बापूच्या एक नंबरवर ढग बहुतेक रिकामाच पोचायचा. सातही रविवार हेच. आणि सहा नंबरवर बसायची रूथ. तुझ्या चर्चमधली. सकाळी लहान मुलांचा वर्ग घेऊन, त्यांना घरोघर पोचवून ती यायची, म्हणून तिला उशीर, म्हणून तिला दाराजवळचं मशीन. हे सगळं मला माहीत होतं. वहीत मी ते लिहिलं नाही. वहीत लिहिलं, 'आपल्या माणसाला झुकतं माप.'

आणि पत्रक काढलं. 'वाडीतला पाऊस कुणाच्या मर्जीवर?' हातानं लिहिलं, कारण टाईप तुझ्याकडंच करायला लागलं असतं. 'सहा नंबरवर कोणाचा वरदहस्त?' हे तिसरं वाक्य. रूथचं नाव नव्हतं. मला वाटलं होतं, नाव नाही म्हणजे मी सभ्य. रविवारी दुपारी तुझ्याच दारावर चिकटवलं, तुझ्याच डिंकानं.

तू दारात उभा राहून शेवटपर्यंत वाचलंस. आम्ही सगळे आतून बघत होतो. मग आत आलास, चपला काढल्यास आणि म्हणालास, "धिक्कार एकदाच केलास. सुधारलास." बाकी काही नाही. पत्रक काढलंही नाहीस. रूथ माझ्याशेजारून गेली आणि सहावर जाऊन बसली.

पुढच्या रविवारी माझा हरभरा काढायला आलेला. पडद्यावर ओळ आली, 'गारा पडत आहेत. तुमचा हरभरा झोडपला गेला.' पाचवर नाही, तीनवर नाही. फक्त चारवर. मी खुर्ची मागं ढकलून उभा राहिलो आणि सगळ्यांपुढं म्हणालो, "हा सूड आहे."

"बस, पत्रक्या," तू म्हणालास. "हरभरा परत पेरता येतो."

मी बसलो नाही. चपला घातल्या आणि गेलो. तुझं शेवटचं ऐकलेलं वाक्य तेवढंच.

मग तुझ्या किडनीचं कळलं. बापू येऊन सांगायचा, सर सुजलेत, सर दवाखान्यात आहेत, सर तुझी चौकशी करत होते. एकदा मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलो होतो, हे तुला कुणी सांगितलं नसेल. पिशवीत संत्री होती. मनात मी तुझ्यापुढं भाषण करत होतो, त्यात 'परंतु' फार येत होते. 'मी चुकलो असेन, परंतु.' असली माफी घेऊन आजारी माणसाकडं जाऊ नये, एवढं कळलं आणि परत फिरलो. संत्री एसटीत कुणाच्या तरी पोरांनी खाल्ली.

तुझ्या मातीला मी आलो होतो. भिंतीपाशी उभा होतो. गीत सुरू झालं तेव्हा सगळ्यांचे ओठ हलत होते, माझे नाही, आणि मला वाटत होतं की सगळ्यांना माझं पत्रक आठवतंय. कुणालाही आठवत नसणार. माणसं रडत होती.

त्यानंतरच्या रविवारी वहिनींनी बापूला निरोप दिला. ते दवाखान्यात गेल्यापासून सर्व्हर तसाच चालू आहे, लाईट जाऊन आली की आपोआप उठतो, मला बंद करता येत नाही, कुणीतरी या. बापू मला ओढत घेऊन गेला. दारावर माझं पत्रक तसंच होतं. उन्हानं शाई विटकरी झालेली. वहिनी म्हणाल्या, मी दोनदा काढायला गेले, ते म्हणाले, राहू दे, त्याचं काम झालं नाही अजून.

आम्ही आपापल्या मशीनवर बसलो, बंद करायच्या आधी एकदा वाडी बघून घेऊ म्हणून. शेतं वाळलेली असणार अशी खात्री. तुझी खुर्ची रिकामी, उशी जागेवर. पावणेतीनला पडद्यावर ओळ आली, 'आभाळ भरून आलं आहे.' आणि सहा नंबरवर पाऊस सुरू झाला.

बापू उठून भिंतीला चिकटला. "आत्मा हाय," तो म्हणाला.

"आत्मा नाही, फाइल आहे," रूथ म्हणाली, आणि जाऊन तुझ्या खुर्चीत बसली.

तिनं ती शोधून काढायला पाच मिनिटंही घेतली नाहीत. एक साधी फाइल, चाळीसेक ओळींची. मशीनच्या घड्याळाला बांधलेली. ठरल्या वेळी ती चालायची, तुझ्या नावानं खेळात शिरायची, हुकूम टाकायची आणि बाहेर पडायची. पाऊस ६. पाऊस ५. पाऊस ४. ढग रिकामा होईपर्यंत. तू आम्हाला शिकवलं होतंस की कुठल्याही फाइलला हात लावायच्या आधी जुनी प्रत जपून ठेवायची. तू ठेवली होतीस. रूथनं जुन्या प्रतीची तारीख मोठ्यानं वाचली. माझ्या वहीच्या पहिल्या पानाच्या आधीची, तीन रविवार आधीची.

म्हणजे तू ऐकलं होतंस. मी तुझ्याशी भांडत होतो, तू नाही नाही म्हणत होतास, आणि घरी कुणाला न सांगता तू माझ्या म्हणण्यासारखं करून टाकलं होतंस. माझ्या वहीतला सातही रविवारचा पाऊस तुझ्या हातचा नव्हताच. मी म्हणालो, पण ते टाईप करायचे, मी स्वतः टिपलंय, टाईप केलं की लगेच पाऊस. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, ते रविवारी तिथं बसून चर्चचं मासिक टाईप करायचे. दुपारभर चालायचं ते." तू सतत टाईप करत होतास. त्यामुळं पाऊस कधीही पडला असता तरी टाईपच्या पाठोपाठच पडला असता. माझा पुरावा म्हणजे मासिकातल्या बारशांच्या आणि लग्नांच्या बातम्या.

फाइलच्या अगदी वर एक ओळ होती. तू सांगायचास, जिच्या आधी खूण केली ती ओळ मशीन वाचत नाही, ती माणसासाठी असते. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: 'पाणी टेलला आधी, हेडला मागून. हे पत्रक्याचं.'

दादा, मी माझ्याच घोषणेविरुद्ध पत्रक काढलं होतं. टेलला बसलेल्या मुलीला आधी पाणी मिळालं म्हणून बोंब मारली होती. मी, टेलच्या वस्तीवरचा. तुझे वडील जे आयुष्यभर करू शकले नाहीत ते तू एवढ्याशा वाडीत करून दाखवलंस, आणि मी त्याला वरदहस्त म्हणालो.

तरी माझा एक प्रश्न बाकी होता. गारा राहिल्या होत्या. जुनी प्रत आणि नवी प्रत, दोन्ही रूथनं शेजारी लावल्या. फरक एकाच ओळीचा. नव्या प्रतीची तारीख सोमवारची, पत्रक लावलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. माझ्यावर गारा पडल्या त्याच्या सहा दिवस आधीची. गारांचा हुकूम दोन्हींत होता; नव्या प्रतीत त्याच्या वर, मशीन वाचत नाही अशी ओळ:

'गारा कुठंही. मशीन चिठ्ठी काढतं. पत्रक्याच्या रानात पडल्या तर तो मला धरणार. धरू दे.'

मी जमिनीवर बसलो. हसत होतो, एवढं मला आठवतं. रडलो असेन तर ते बापूला विचार, तो सगळ्यांना सांगत फिरतोय. छातीवर दोन महिने कुणीतरी बसलं होतं, ते उठून गेलं. तू माझ्यावर चिडला नव्हतास. शाई वाळायच्या आत तू पुढच्या रविवारचीही शिवी घेऊन ठेवली होतीस. बापूनं बातमी दिली तेव्हा जे हायसं वाटलं होतं ते पळपुट्याचं होतं. हे निराळं. हे तू दिलंस.

पण सगळं काही तुला देता येत नव्हतं. रूथ खुर्चीतून उठली, माझ्यापुढं आली आणि म्हणाली, "तू माझं नाव लिहिलं नव्हतंस. सहा नंबर लिहिलं होतंस. सहावर कोण बसतं ते इथं सगळ्यांना माहीत होतं. माझ्या घरीही कळलं." तिचा आवाज वर गेला नाही. मी म्हणालो, चुकलो. 'परंतु' लावला नाही. ती म्हणाली, "लिहून दे. बोललेलं तू विसरतोस."

म्हणून दुसरं पत्रक निघालं. वर तुझी फाइल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. खाली माझी माफी, रूथची आणि तुझी, नावं घालून, धिक्कार फक्त स्वतःचा आणि तोही एकदाच. टाईप रूथनं केलं. मी पहिलं पत्रक फाडायला गेलो तर तिनं हात धरला. दोन्ही राहू देत, शेजारी शेजारी, म्हणाली. राहिली आहेत.

आता तुझी पाळी. तुलाही सोडणार नाही. का लपवलंस? दारावर चार ओळी लिहून लावल्या असत्यास तर मी वही आणली नसती, रूथला ऐकून घ्यावं लागलं नसतं. हे चूक होतं, दादा. शिवी आपल्या अंगावर घेण्यात मोठेपणा असेल, पण तुझ्या शेजारी जो बसतो त्याच्यावरही ती उडते. रूथवर उडाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. तू जिवंत असतास तर तुला हे आवडलं असतं.

घरी गेलो तेव्हा आईला विचारलं, कालव्यावर एक पाटकरी होता, ख्रिश्चन, त्याला तू कधी शिव्या दिल्या होत्यास का. ती तांदूळ निवडत होती. "दिल्या हुत्या की," म्हणाली. "चांगला मानूस हुता." मी म्हणालो, मग शिव्या का? ती माझ्याकडं असं बघायला लागली जसं मी काहीच शिकलो नाही. "मग काय कालव्याला देऊ?"

क्लास बंद होत नाही. रूथ शिकवणार आहे, वहिनींनी किल्ली तिला दिली. सर्व्हरपुढं रविवारी कुणीतरी बसायला हवं, टोपण निसटलं तर बघायला, म्हणून तिनं मला बसवलं. काल मी बसलो होतो. उशी तुझीच आहे, मी बदलू दिली नाही. माझी चार नंबरची शेती तशीच चालू ठेवली, नुसती राखायची म्हणून.

बापूनं दुसरं पत्रक वाचलेलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. सगळ्यांना माहीत होतं की फाइल आहे, घड्याळ आहे, चिठ्ठी आहे. पावणेतीनला सहावर पाऊस आला. पाचवर आला. चारवर येऊन ढग संपला. बापू एक नंबरवरून वळला.

"पत्रक्या, लेका, आमी काय तुजं घोडं मारलंय का?"

मी म्हणालो, बापू, मशीन आहे. तूच तर वाचून दाखवलंस.

"मशीन हाय ते म्हाईत हाय मला. पर तू बसलायस न्हवं तिथं?"

सगळे मुद्दे तयार होते. पण एवढं बोलून बापूचं भागलं होतं. तो परत आपल्या ज्वारीकडं वळला, शिट्टी वाजवत. वादाचा हा भाग तू जिंकलास. लपवण्याचा भाग मी सोडलेला नाही.

उठायच्या जरा आधी सर्व्हरच्या पडद्यावर हुकूम सरकत गेला. गारा, आणि पुढं चारचा आकडा. चिठ्ठी माझ्या नावाची निघाली होती. तोंडात शब्द आला आणि सवयीनं मी रागानं तुझ्या खुर्चीकडं बघायला मान वळवली. मागं कुणी नव्हतं. खुर्चीत मीच बसलो होतो.

हरभरा परत पेरलाय, दादा.